पागडीवरचा भाडेकरू

घरच्या घरी लागर बिअर करणाऱ्या माणसाला वाटत असतं, आपण शास्त्र, परंपरा आणि चव यांच्या त्रिवेणी संगमावर उभे आहोत. प्रत्यक्षात तो फ्रिजच्या दारात उभा असतो आणि इडलीच्या पिठाचा डबा कुठे सरकवता येईल याचा अंदाज घेत असतो. अमेरिकेतल्या आम्हा हौशी मंडळींची (नातेवाईक आमच्या या उद्योगाला खुशाल हातभट्टी म्हणतात) एकमुखी तक्रार अशी की, थंड जागा पुरत नाही. माझं म्हणणं, बिअरला ती पुरते; पुरत नाही ती आमच्या मिरवण्याला.

हिशेबच बघा. एल २० अंशांच्या आसपास, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पंधरवड्यात उरकते. लागरचं यीस्ट मात्र १०-१२ अंशांवर दोन आठवडे रमतगमत काम करणार, आणि मग बिअर शून्याच्या जरा वर सहा आठवडे निजणार. जर्मनमध्ये 'लागर्न' म्हणजे साठवणं. पागडी नावातच घेतलेली! एकच फ्रिज एकाच वेळी १० आणि १ अंशावर राहत नाही, म्हणून १९ लिटरचा एक घाणा आठ आठवडे तो अडवतो. वर्षाला सहा घाणे, ११४ लिटर. कार्टरसाहेबांनी १९७८ साली सही केलेला कायदा दोन प्रौढांच्या घराला २०० गॅलन, म्हणजे ७५७ लिटर करू देतो. सरकारचं मन मोठं, फ्रिज लहान. पण म्हणून दुसरा फ्रिज आणायची गरज नाही. प्यायचा दिवस ठरवून उलटं मोजत यावं आणि पहिला टप्पा थंडीतल्या तळघरावर सोपवावा. पुढचे दोन-तीन दिवस तर ऊबच हवी: १६-१८ अंशांवर यीस्ट स्वतःच निर्माण केलेला लोण्यासारखा वास स्वतःच गिळून टाकतं. आपला पसारा आपण आवरण्याचा घरातला तो एकमेव पुरुषार्थ. मग बिअर सडपातळ केगमध्ये भरावी. एवढीच काय ती फ्रिजमध्ये जाते.

बव्हेरियात हे फ्रिजविना जमत होतं, आणि इथे मला आवरणं कठीण आहे. १५५३ च्या फर्मानाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर करायलाच बंदी घातली. लोकांनी मार्चमध्ये कडक बिअर करून तळघरांत ठेवली, हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून आणला, आणि तळघरांवर चेस्टनटची झाडं लावली. पानं रुंद, मुळं उथळ. सावली मिळते आणि कमानी फुटत नाहीत. बिअर थंड राहावी म्हणून झाडं लावणारी माणसं! मग त्या सावलीत बाकं आली, गिऱ्हाईक आलं, खाणावळवाल्यांची कुरकुर आली, आणि १८१२ मध्ये राजाने तोड काढली: बिअर विका, पण खायला पावाखेरीज काही देऊ नका. तेव्हापासून लोक घरून डबा नेतात. तिथे बिअर तळघरात आणि डबा टेबलावर मानाने. आमच्याकडे बिअर फ्रिजमध्ये आणि डबा ओट्यावर, निराश्रित.

यावर कुणी म्हणेल, एवढं करण्यापेक्षा एलच करा की. दुसरा म्हणेल, ३४/७० नावाचं लागर-यीस्ट १८ अंशांवरही नेटकं काम करतं. दोघांचंही खरं आहे, आणि म्हणूनच दोघे आवडत नाहीत. एल केली म्हटलं की पाहुणा 'अस्सं' म्हणतो. लागर म्हटलं की 'दोन महिने?' असं विचारतो. त्या प्रश्नचिन्हासाठी आम्ही शेल्फ काढून टाकतो. तिसरा आक्षेप जरा बोचतो: इडलीचं पीठही आंबवलेलंच असतं, त्यालाही वेळीच थंडी लागते, नाहीतर ते आंबटढाण होतं. फरक इतकाच की ते आंबवणारीने वही ठेवलेली नसते, थर्मामीटर लावलेला नसतो, पाहुण्यांना तापमान ऐकवलेलं नसतं. आणि रविवारी सकाळी त्याच्या इडल्या सगळ्यात जास्त कोण खातं, हे केगलाही ठाऊक असतं.