वादळ दिसतंय, रेंज नाही

अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का या बाजूला, एप्रिल ते जून हा वादळांचा हंगाम. वादळ आलं की शहाणी माणसं घरात जातात. इथली काही मंडळी गाडी बाहेर काढतात. त्यांना ‘स्टॉर्म चेसर’ म्हणतात. त्यांतले काही हवामानशास्त्रज्ञ असतात, काही व्हिडिओ विकून पोट भरतात, काही पर्यटकांना पैसे घेऊन फिरवतात. उरलेले माझ्या भाच्यासारखे. आठवडाभर ऑफिसात कोड लिहायचा आणि शनिवारी सकाळी खिडकीतून डोकावून म्हणायचं, "मामा, आज काहीतरी होणार!"

भाचा राहतो नॉर्मनला. याच गावात १९६४ पासून वादळांची सरकारी प्रयोगशाळा आहे आणि १९९७ पासून देशभरातल्या वादळांचा अंदाज वर्तवणारं केंद्रही इथेच आहे. केंद्राच्या नकाशावर धोक्याच्या पाच पायऱ्या असतात: गडद हिरवी, पिवळी, नारिंगी, लाल आणि किरमिजी. बाकीचे लोक लाल बघून घाबरतात, भाचा पिवळा बघून हिरमुसतो. त्या शनिवारी पश्चिम ओक्लाहोमा नारिंगी होणार असं आदल्या दोन दिवसांपासून दिसायला लागलं आणि घरात बैठक बसली.

गाडी कोणती, पेट्रोल कुठे, मुक्काम कुठे, सगळं पाच मिनिटांत उरकलं. हिने डब्याचं विचारलं, "पोळ्या चालतील" यावर एकमत झालं. पुढचे दोन तास एकच विषय: गाडीत इंटरनेट कुठलं घ्यायचं. मी उभी हयात टेलिफोन खात्यात काढलेली. खांबावर चढलेला माणूस. त्यामुळे माझं मत कुणीही विचारलं नाही.

वादळामागे जाणाऱ्याला इंटरनेट लागतं ते रडारसाठी. अमेरिकेत सुमारे १६० डॉप्लर रडार जमिनीवर घट्ट बसवलेली आहेत. पाऊस चालू असला की एकेक रडार आकाशाची खालपासून वरपर्यंतची फेरी साधारण चार ते सहा मिनिटांत पुरी करतं आणि ते चित्र सगळ्या जगाला फुकट मिळतं. त्यात दोन गोष्टी बघायच्या. एक, पाऊस कुठे आणि किती. दुसरी, वारा रडारकडे येतोय की रडारपासून दूर जातोय. येणारा हिरवा, जाणारा लाल. वादळाच्या नैऋत्य कोपऱ्याला आकड्यासारखी शेपटी फुटली आणि तिथेच हिरवा-लाल एकमेकांना खेटून बसले, की समजायचं आतली हवा गरगर फिरतेय. तिथे जायचं नाही. त्या शेपटीच्या आग्नेयेला, पळायचा रस्ता मोकळा ठेवून, इंजिन चालू ठेवून उभं राहायचं. हे सगळं भाच्याने मला मिरचीच्या लोणच्याची बाटली, दोन चमचे आणि एक लिंबू मांडून समजावलं. लिंबू म्हणजे आम्ही.

गंमत अशी, की असलं साधं रडारचित्र वजनाला अगदी किरकोळ, काही किलोबाइटचं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज पहाटे ‘सुप्रभात’ म्हणत येणाऱ्या गुलाबाला त्याहून जास्त डेटा लागतो. म्हणजे गाडीला वेगवान इंटरनेट नकोच आहे. हवं ते बारीक पण न तुटणारं, आणि जिथे माणूस दिसत नाही तिथेही पोचणारं. पण बारीक इंटरनेट कुणी विकत नाही. दुकानातल्या पोराने आम्हाला वेगच विकायला काढला. मिनिटाला किती सिनेमे उतरतील ते सांगितलं. भाच्याने विचारलं, "आर्नेट गावाच्या पश्चिमेला काय परिस्थिती आहे?" पोराने काउंटरवरचा नकाशा फिरवून दाखवला. आख्खा ओक्लाहोमा एका रंगात. मी मराठीत म्हटलं, "बाळा, नकाशा रंगवायला टॉवर लागत नाही." भाच्याने भाषांतर केलं नाही.

मग घरी येऊन आम्हीच पर्याय मांडले. मोठ्या कंपन्या तीन. एकीचे टॉवर खेड्यापाड्यात जास्त, पण हॉटस्पॉटचा कोटा संपला की चाल मुंगीची. दुसरी शहरात सुसाट, गावाबाहेर पडलं की लाजते. यात काही लबाडी नाही, हा लहरींचा गुण आहे. ६०० ते ८५० मेगाहर्ट्झच्या लहरी सावकाश पण लांब चालतात, वरच्या पट्ट्यांतल्या वेगवान असतात पण लगेच दमतात. चौथा पर्याय स्वस्तातल्या कंपन्यांचा. त्यांचे स्वतःचे टॉवर नसतात, मोठ्यांचे भाड्याने घेतलेले असतात. एरवी छान चालतात, पण टॉवरवर गर्दी झाली की यांची गिऱ्हाइकं शेवटच्या पंगतीला. आधीच्या पंगती उठेपर्यंत श्रीखंड संपलेलं असतं. आणि वादळाच्या जागी गर्दी होतेच. एक टॉवर, त्याखाली शंभर गाड्या आणि प्रत्येक गाडीतून थेट प्रक्षेपण.

छपरावर लावायचा अँटेना आणि सिग्नल वाढवणारा डबा भाच्याकडे आधीच होता. चांगली वस्तू. गाडीचा पत्रा सिग्नल अडवतो, तेव्हा अँटेना बाहेर काढण्यात अर्थ आहे. पण डबा असलेला सिग्नल वाढवतो, नसलेला आणत नाही. शून्याला कितीनेही गुणलं तरी उत्तर काय येतं हे मी त्याला तो पाचवीत असतानाच शिकवलं होतं.

शेवटचा पर्याय उपग्रहाच्या थाळीचा. टॉवरची गरजच नाही, मोकळं आकाश असलं की झालं. आणि या मैदानात आकाशाशिवाय दुसरं आहे काय? फक्त या थाळीच्या लहरींना मुसळधार पाऊस सोसत नाही. म्हणजे वादळ नसेल तेव्हा ही थाळी वादळासाठी उत्तम. भाच्याने मित्राकडून ती उसनी आणली.

शेजारी एक आजोबा राहतात, ऐंशीच्या दशकात वादळांमागे फिरलेले. आमची मांडामांड बघून ते कुंपणावर रेलून हसत होते. त्यांच्या वेळी सकाळी अंदाज बघून निघायचं आणि मग पेट्रोलपंपावरच्या सार्वजनिक फोनमध्ये नाणी टाकून घरी बसलेल्या मित्राला विचारायचं, "बाबा, रडारवर काय दिसतंय?" पुढे गावोगावची वाचनालयं आली. हातात गारांनी फुटलेली टोपी घेऊन वाचनालयातल्या बाईंकडे संगणक मागायचा. नंतर मोटेलबाहेर गाडी लावून त्यांचं वायफाय चोरायचं. ही चोरी सांगताना आजोबांचा चेहरा सर्वांत जास्त खुलला.

शनिवारी साडेअकराला नवा नकाशा आला. नारिंगी कायम. निघालो. पुढे भाचा, शेजारी भाचेसून लॅपटॉप घेऊन, मागे आम्ही दोघं आणि पोळ्या.

अर्ध्या-पाऊण तासात एल रेनो लागलं. इथे भाच्याची बडबड पहिल्यांदा थांबली. ३१ मे २०१३ ला इथल्या टोर्नेडोची रुंदी ४.२ किलोमीटर मोजली गेली. आजवर नोंदलेला हा सर्वांत रुंद टोर्नेडो. बघता बघता तो फुगला आणि वळला. टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे त्यात गेले. हौशी नव्हेत, टोर्नेडोच्या वाटेत उपकरणं ठेवणारी मुरलेली माणसं. भाच्याने म्हणून गाडीचा एक नियम केला आहे: चित्र किती जुनं आहे हे ठाऊक नसेल तर ते नाही असं समजायचं. विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेतल्या मंडळाने २०१२ मध्ये वैमानिकांना हेच बजावलं होतं. पडद्यावर ‘एक मिनिटापूर्वीचं’ असं लिहिलेलं असलं, तरी जोडून केलेल्या रडारचित्रातला पाऊस कधीकधी पंधरा-वीस मिनिटं जुना असू शकतो. ही समज त्या आर्नेटच्या नकाशावाल्या पोराला दिली पाहिजे.

सेयरवरून उत्तरेला वळलो. शायन गावापर्यंत फोनवर दोन काड्या होत्या. मग एक. मग काड्यांच्या जागी फुली. दोन्ही बाजूंना गवत, मध्येच तेलाचा पंप मान हलवत उभा, आणि वायव्येला ढग. असा ढग मी पाहिला नव्हता. खालून सपाट, काळा. वर फुलकोबीसारखा फुगत गेलेला आणि माथ्यावर ऐरणीसारखा पसरलेला. लॅपटॉपवर मात्र तो अजून बराच लांब होता. भाचेसुनेने कोपऱ्यातली वेळ वाचली. "हे पावणेसहाचं आहे. आता सहा दहा झालेत." असलं वादळ ताशी पन्नास किलोमीटरने सहज चालतं. पंचवीस मिनिटांत वीस किलोमीटर. भाच्याने लॅपटॉप मिटायला लावला.

थाळीने थोडा वेळ साथ दिली. मग टपोरे थेंब आले आणि ती गप्प झाली. मग गारा. थाळी उसनी, म्हणून भाचा गाडी थांबवून तिच्यावर पोळ्यांचा टॉवेल टाकायला धावला. बोराएवढी एक गार त्याच्या टाळूवर वाजलेली आम्हाला आतून ऐकू आली.

आता राहिला सुनेचा हवामान-रेडिओ. हातात मावेल एवढा, बॅटरीवर चालणारा. १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास सात वाहिन्या, ना सिम ना कोटा. माझ्या मते सबंध गाडीतली एकमेव शहाणी वस्तू. पण तो जिल्ह्यांच्या नावाने बोलतो, आणि जिल्ह्यांना इथे माणसांची नावं. त्यातून एक यांत्रिक आवाज पुन्हा पुन्हा रॉजर मिल्सचं नाव घेऊन धोका सांगत होता.

ही कळवळून म्हणाली, "कोण हो हा रॉजर? कुणी फोन केला का त्याला?"

"मामी, रॉजर मिल्स हा जिल्हा आहे."

"मग आपण कुठल्या जिल्ह्यात आहोत?"

यावर गाडीत कुणीच बोललं नाही.

तेवढ्यात हिच्या पर्समधून ‘टुंग’ झालं. सगळ्यांचे फोन मेलेले आणि हिचा भारतातून आणलेला फोन, रोमिंगवरचा, जिवंत! आमची सिमं एकेका कंपनीला बांधलेली. हिचं परदेशी सिम, ज्याच्याशी करार आहे त्या कुठल्याही टॉवरला लोंबकळायला मोकळं. इंटरनेट नव्हतं, पण एसएमएसला कितीशी रेंज लागते? निरोप सांगलीहून होता, हिच्या थोरल्या भावाचा. "कुठे आहात? रडारवर भयंकर दिसते आहे. अण्णा."

सांगलीत तेव्हा पहाटेचे पावणेपाच वाजत होते. अण्णा रोज चारला उठतात. आम्ही वादळ बघायला चाललोय हे कळल्यापासून त्यांनी अमेरिकन सरकारचं रडार उघडून ठेवलं होतं. वादळ आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि त्याचं ताजं चित्र विश्रामबागेत, चहाच्या कपाशेजारी! एरवी लग्नाच्या याद्यांपासून घराच्या रंगापर्यंत अण्णांचं मार्गदर्शन मी टाळत आलोय. इथे ढगासमोर टाळायची सोय नव्हती.

रोमिंगवरून पाठवायच्या एसएमएसला भरमसाठ पैसे पडतात, म्हणून हिने एकच शब्द पाठवला: "आर्नेट". बारा अर्थ निघाले असते, पण अण्णांना बरोबर कळलं. "शेपटी तुमच्या वायव्येला. आहात तिथून पूर्वेला सरका. दक्षिणेचा रस्ता सोडू नका." आणि खाली पाठवल्याची वेळ, भारतीय आणि अमेरिकन दोन्ही. भाचा चाट पडला. "मामा, अण्णाकाकांना टाइमस्टॅम्पचं कुणी शिकवलं?" कुणी शिकवायला कशाला हवं? माणूस बँकेत हेड कॅशियर होता.

पूर्वेला सरकून एका चढावर थांबलो. दार उघडलं तर वारा पाठीमागून येऊन ढगाकडे ओढला जात होता. उबदार, दमट. कुंपणापलीकडचं सगळं गवत वादळाकडे वाकलेलं. ढगाच्या तळाशी एक काळा तुकडा खाली उतरला, सावकाश फिरायला लागला. भाच्याचा श्वास अडकला. मग एकदम वारा फिरला, थंडगार झोत समोरून आला, गवत उलटं झालं आणि तो तुकडा विरघळून गेला. टोर्नेडो नाही. बहुतेक वेळा नाहीच होत, असं सून म्हणाली. आम्ही उभ्याउभ्या पोळ्या खाल्ल्या. त्यांचा टॉवेल ओला होता.

रात्री वुडवर्डच्या मोटेलात सगळे आडवे झाल्यावर हिचा फोन एकापाठोपाठ एक टुंगटुंगायला लागला. पहिलाच निरोप: "लगेच दक्षिणेला पळा!!" भाचा ताडकन उठून अंथरुणातच बूट घालायला लागला. सुनेने पाठवल्याची वेळ वाचली, साडेसहाची. त्याखालचे क्रमाने असे: "पळालात का?", "उत्तर द्या", "पैशाची काळजी करू नका, उत्तर द्या", "बहिणीला फोन द्या", "सगळ्यांना कळवले आहे".

मोटेलचं वायफाय फुकट होतं. हिने व्हॉट्सअ‍ॅपवर ऐसपैस लिहून सगळे सुखरूप असल्याचं कळवलं, वादळाचे फोटो पाठवले, टॉवेलचंही सांगितलं. दोन मिनिटांत अण्णांचं उत्तर आलं.

"फोटो ठीक. तुमचा साडेअकराचा नकाशा आमच्याकडे रात्री दहाला येतो. तो बघून उद्याचे कळवतो. तोपर्यंत कुणीही गाडी काढू नये."