डासाची बातमी कशी लावावी

डेंग्यू रोखण्याची मोहीम उत्तम पार पडली की गावात काहीही घडत नाही. ताप येत नाही, प्लेटलेट उतरत नाहीत, दवाखान्याच्या जिन्यावर नातेवाइकांची गर्दी होत नाही, रक्तपेढीकडे रात्री कोणी धावत नाही. आणि जे घडले नाही त्याची बातमी लागत नाही. आरोग्याच्या कार्यकर्त्याने हा सिद्धान्त प्रथम पाठ करावा, कारण पुढचे सगळे शास्त्र त्यावरच उभे आहे. वर्तमानपत्राला घटना लागते आणि आरोग्य म्हणजे घटना टळणे. तेव्हा जिल्हा पानावर दोन कॉलम हवे असतील तर मोहिमेत बाहेरून एखादी घटना आणून बसवावी लागते. तिला जागा करून देताना मोहिमेतले आरोग्य जरा बाजूला सरकते, त्याला इलाज नाही. प्रस्तुत मार्गदर्शन तालुक्याच्या गावातील आरोग्यसेवक, आशाताई, गणेश मंडळांचे कार्यकर्ते, रोटरी-लायन्सचे पदाधिकारी आणि राष्ट्रीय सेवा योजना सांभाळणारे प्राध्यापक यांच्यासाठी आहे. मुंबई-पुण्याच्या मंडळींनी आपापली पीआर एजन्सी गाठावी.

अडचणीचे मूळ डासातच आहे. एडिस इजिप्ती या जातीच्या मादीने बातमीदारीला सोयीची एकही सवय लावून घेतलेली नाही. ती गटारात वाढती तर बरे झाले असते. तुंबलेल्या गटाराचा फोटो चांगला येतो, मथळा तयार असतो आणि दोष कोणाचा हे वेगळे सांगावे लागत नाही. पण हिला साठवलेले, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागते. अंगणातला हौद, न्हाणीघरातले प्लास्टिकचे पिंप, रांजण, कुंडीखालची ताटली, गच्चीवर टाकलेला टायर, फ्रिजच्या मागचा ट्रे, असे तिचे पत्ते. चावते तीही दिवसा, मच्छरदाणी गुंडाळून ठेवल्यावर. अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटवून, आणि ती कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, भांडे आतून घासावे लागते. अंड्याचा उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून दर आठवड्याला एक वार ठरवून सगळी भांडी रिकामी करायची, घासायची, कोरडी करायची आणि मग भरून झाकायची. आरोग्य खाते याला कोरडा दिवस म्हणते. घरातल्या माणसाच्या हातातला सर्वांत मोठा उपाय तो हाच. बहुतेक घरांत तो बाईच करते, हातात काथ्या घेऊन, पदर खोचून, चार भिंतींच्या आत, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा करते. यात फीत नाही, व्यासपीठ नाही, नवलाई नाही. हौदाचे लोकार्पण करता येते. हौद घासण्याचे लोकार्पण अजून कोणी केलेले नाही.

सुदैवाने धूरफवारणीचे यंत्र उपलब्ध आहे. ते आवाज करते, ढग सोडते, पाहुण्यांच्या खांद्यावर अडकवता येते आणि मागे पळणारी पोरे फुकट मिळतात. यावर जाणकारांचा आक्षेप येणार, तो आधीच ऐकून घेऊ. धूर फक्त त्या वेळी त्याच्या तडाख्यात सापडलेल्या डासांना मारतो, पिंपातल्या अळ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. धूर रस्त्यावरून जातो तेव्हा एडिस घरात पलंगाखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागे बसलेली असते. आरोग्य यंत्रणेची स्वतःची शिफारसही धूरफवारणी साथीच्या वेळी, रुग्ण सापडलेल्या भागापुरती करावी अशीच आहे. सगळे मान्य. पण आक्षेप घेणाऱ्यांचा समज असा दिसतो की धूर डासासाठी असतो. धूर हा नागरिकाला दिसावा यासाठी असतो, आणि तो हे काम चोख बजावतो. दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. गल्लीत धूर येऊन गेला की नगरपालिकेने काम केले असे वाटून माणूस घरातले पिंप घासायचे सोडून देतो. हेही खरे. पण प्रसिद्धीच्या अंगाने पाहिले तर यात तोटा नाही. न घासलेल्या पिंपातून पुढच्या पंधरवड्यात रुग्ण निघतात, रुग्ण निघाले की पुन्हा धूरफवारणीची मागणी होते, आणि मागणीची एक, फवारणीची एक अशा दोन बातम्या लागतात. घासलेल्या पिंपातून एकही निघत नाही.

यंत्र ठरले की ते खांद्यावर घेणारा ठरवावा. इथे प्रेसनोटचे व्याकरण समजून घेणे आवश्यक आहे. पहिल्या परिच्छेदात कोणाच्या हस्ते, कोणाच्या अध्यक्षतेखाली आणि कोणाच्या प्रमुख उपस्थितीत एवढेच यावे. दुसऱ्यात उपस्थितांची नावे हुद्द्याच्या उतरत्या क्रमाने यावीत, एकही गळू नये, कारण गळलेला माणूस पुढच्या वर्षी सभागृह देत नाही. सूत्रसंचालन आणि आभार यांना तिसरा परिच्छेद राखून ठेवावा. आशाताईंचे ‘मोलाचे सहकार्य लाभले’, त्यांची नावे जागेअभावी लाभत नाहीत. डासाविषयी काही सांगायचे असल्यास ते चौथ्या परिच्छेदात येईल, आणि जागा कमी पडली की उपसंपादक बातमी खालून कापतो, हे एव्हाना लक्षात आले असेलच. यावर एक तोड आहे. कोरड्या दिवसाचे वाक्य पाहुण्यांच्या तोंडी घालून पहिल्या परिच्छेदात सारावे. ‘आठवड्यातून एकदा भांडी घासून कोरडी करा’ हे वैद्यकीय अधिकाऱ्याने सांगितले तर ती माहिती होते, आणि माहितीला पानावर जागा नसते. तेच आमदारांनी सांगितले की आवाहन होते, त्याला मथळा मिळतो. पाहुण्यांनी ते प्रत्यक्ष म्हटले पाहिजे असा काही नियम नाही, पण भाषणाच्या चिठ्ठीवर लिहून दिल्यास ते आनंदाने म्हणतात.

मात्र पाहुणे बोलावताना एक पथ्य सांभाळावे लागते, आणि या शास्त्रातला खरा पेच तिथेच आहे. माणसे पिंपे भरून ठेवतात ती हौसेने नव्हे. सोलापूर, जालना, छत्रपती संभाजीनगर या शहरांनी नळाला कित्येक दिवसांनी एकदा पाणी येण्याची वर्षे काढली आहेत, आणि लहान गावांची तर मोजदादच नको. नळ चार दिवसांनी येणार असेल तर चार दिवसांचे पाणी साठवावेच लागते. आठ दिवसांनी येणार असेल तर शहाणी गृहिणी शिल्लक पाणी ओतून कोरडा दिवस पाळण्याच्या फंदात पडत नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेला सुमारे पाच लाख लिटर पाणी होते आणि त्या वाघिणींचे फोटो देशभर छापून आले. त्या दिवसांत लातूरच्या घराघरांत पाणी ज्या भांड्यांतून जपून ठेवले जात होते, त्यांना कॅमेरा लाभला नाही. एडिसचा हिशेब मात्र वाघिणीपाशी नव्हे, त्या भांड्यापाशी सुरू होतो. तेव्हा पत्रकार परिषदेत कोणी विचारले की रोज पाणी आले तर लोक पिंपे कशाला भरतील, तर समजावे की खरी बातमी दारात आली. ती जिल्हा पानावर मावणार नाही, पहिल्या पानावर जाईल. पण त्याच क्षणी व्यासपीठावर पाणीपुरवठा सभापती फेटा बांधून बसलेले असतात. म्हणजे पाहुण्यांशिवाय बातमी लागत नाही आणि पाहुणे असले की ही बातमी देता येत नाही. अनुभवी संयोजक अशा वेळी चहा आणायला सांगतात आणि प्रेसनोटमध्ये ‘नागरिकांची उदासीनता’ असा शब्दप्रयोग करतात. नागरिक व्यासपीठावर नसल्यामुळे त्याला हरकत येत नाही.

काही वाचक म्हणतील की हा सगळा दोष पत्रकारांचा. तसे म्हणणे सोपे आहे, म्हणून म्हणू नये. तालुक्याच्या वार्ताहराला बहुतेक ठिकाणी मिळणारे मानधन सांगण्यासारखे नसते. जाहिरातीवरचे कमिशन हा त्याचा खरा आधार, आणि जाहिरात देतात ते वाढदिवसवाले, पदनियुक्तीवाले, शुभेच्छुक. पिंप घासणारी बाई जाहिरात देत नाही, डास तर मुळीच नाही. शिवाय याच माणसाने दिवसभरात अपघात, बाजारभाव, मोर्चा, दहावा आणि कबड्डीचा सामना सांभाळून संध्याकाळपर्यंत सगळे पाठवायचे असते. तुम्ही त्याला मान्यवरांच्या नावांची तयार प्रेसनोट आणि फोटो दिला तर तो तेच पाठवणार. तुम्ही त्याला गावातल्या किती घरांच्या पाण्यात अळ्या सापडल्या हा आकडा, वॉर्डवार, मागच्या महिन्याच्या तुलनेसह दिला तर तो काय करील, हे मात्र ठामपणे सांगता येत नाही, कारण हा आकडा त्याच्या हाती सहसा दिला जात नाही. आकडा असतो. आरोग्यसेवक घरोघरी भांडी तपासून तो काढतो, खात्याच्या भाषेत त्याला हाउस इंडेक्स म्हणतात. तो अहवालात लिहिला जातो, अहवाल वर जातो आणि वरच राहतो. स्थानिक यूट्यूब चॅनलांविषयी वेगळे लिहिण्याची गरज नाही. तिथे माइकचे बोंड तेवढे मोठे असते.

आता सर्वांत मोठा आक्षेप. महाराष्ट्राचा इतिहासच या मार्गदर्शनाच्या विरोधात साक्ष देतो, असे कोणी म्हणेल. र. धों. कर्व्यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ काढले आणि 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. संततिनियमनावर बोलायलाही समाज तयार नव्हता, त्या काळात. अश्लीलतेचे खटले झाले, 1934 च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, आणि तरी दंड झालाच. कर्व्यांनी उद्घाटक शोधला नाही. हे उदाहरण बाद करावे लागेल, कारण कर्वे बातमी लागण्याची वाट न पाहता स्वतःच मासिक काढून बसले. इतका सरळ मार्ग पत्करायचा तर मार्गदर्शनाची गरज काय? दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले, नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, आणि 2001 मध्ये ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने राज्यातल्या न नोंदलेल्या बालमृत्यूंचा प्रश्न मांडला. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला, सरकारला समिती नेमावी लागली. यात अडचण एवढीच की आधी वर्षानुवर्षे मृत्यू मोजले होते. मोजायला फेटा लागत नाही, पण वेळ फार लागतो. आपली मोहीम पंधरा दिवसांची.

पोलिओचे उदाहरण मात्र आमच्या सिद्धान्ताला पूर्ण अनुकूल आहे. 1995 पासून पल्स पोलिओचा फोटो दरवर्षी सर्वत्र छापून आला, कारण बाळाने तोंड उघडले आहे आणि मंत्री दोन थेंब टाकत आहेत हे दृश्य एका कॉलमातही मावते. पण त्या मोहिमेची खरी मोठी बातमी कोणती? देशातला रानटी विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये पश्चिम बंगालमध्ये हावडा जिल्ह्यात सापडला. त्या दिवशी ती शेवटची बातमी म्हणून छापणे कोणालाच शक्य नव्हते, कारण ती शेवटची आहे हे ठाऊक व्हायला पुढे काहीच न घडण्याची तीन वर्षे जावी लागली. मार्च 2014 मध्ये प्रमाणपत्र आले, तेव्हा बातमी झाली. तेवढी वर्षे लसीची शीतपेटी खांद्याला लावून पाड्यांवर हिंडलेल्या बायकांना कोणत्याही एका दिवशी छापण्यासारखे काही घडत नव्हते.

मुहूर्ताविषयी थोडक्यात. राष्ट्रीय डेंग्यू दिन 16 मे रोजी येतो. पावसाआधी भांडी घासायला तो योग्य काळ आहे आणि बातमीला अगदी अयोग्य. शाळांना सुट्टी असते, त्यामुळे प्रभातफेरीला पोरे मिळत नाहीत, आणि गावात डेंग्यूचा रुग्ण नसतो. जून-जुलैत पेरणी आणि आषाढी वारी पाने व्यापतात. ऑगस्ट संपता संपता पहिला ‘डेंग्यूसदृश तापाचा’ मृत्यू छापून येतो आणि त्यानंतर कोणत्याही मोहिमेला जागा मिळते. हा मुहूर्त साधायचा तर मे महिन्यात काही करू नये. ज्यांना हे जमणार नाही, ज्यांना मे महिन्यातच पिंपे घासलेली हवी आहेत, त्यांनी प्रसिद्धीची आशा सोडावी आणि वार्ताहराला वॉर्डवार आकडे द्यायला सुरुवात करावी. छापून येतील याची हमी नाही. पहिल्या महिन्यात येणारही नाहीत. पण नऊ नंबरच्या वॉर्डात दर दहा घरांमागे चार घरांत अळ्या, असे एकदा छापून आले की नऊ नंबरचा नगरसेवक कोणी न बोलावता हजर होतो.

शेवटी मूल्यमापन. मोहिमेचे यश कात्रणांच्या सेंटिमीटरात मोजावे, कात्रणे लॅमिनेट करून फाइलला लावावीत, फाइल पुढच्या वर्षीच्या निधीच्या प्रस्तावाला जोडावी. मात्र लॅमिनेट करण्याआधी प्रत्येक कात्रण एकदा वाचावे आणि त्यात भांडी आतून घासा, असे कुठे छापले आहे का, एवढे बघावे. नसेल तर संपादकांना फोन करून उद्याच्या अंकात तेवढे एक वाक्य मागावे. त्याला जाहिरातीचे दर लागत नाहीत, आणि मागितले तर बहुधा देतात.