थोडक्यात हुकलेले तात्या

मुंबईच्या लोकलमध्ये खिडकी मिळणं अवघड, पण रणजी थोडक्यात हुकलेला माणूस मिळणं अगदी सोपं. डोंबिवली फास्टच्या दर डब्यात एक तरी सापडतोच. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, पोट सुटलेलं, गुडघा कुरकुरणारा. पण फलाटावर गाडीची वाट बघता बघता हातातली छत्री कधी उलटी धरली जाते ते त्यालाही कळत नाही आणि एक ऑफ ड्राइव्ह निघतो. शेजारच्या बाईंच्या पिशवीला तो लागला तर ‘सॉरी हं, जुनी सवय’. यावर कोणी ‘जुनी म्हणजे?’ असं चुकून विचारलंच, तर ठाण्यापर्यंतची निश्चिंती.

मी या माणसाला तात्या म्हणतो. तुमच्याकडे अण्णा असतील, बापू असतील. गाव बदललं की हुकलेली गोष्ट बदलते, माणूस तोच. कोल्हापुरात तो महाराष्ट्र केसरी थोडक्यात हुकलेला असतो. पुण्यात त्याचं पुरुषोत्तम करंडकाचं अभिनयाचं पारितोषिक परीक्षकांपैकी एकाला सर्दी झाल्यामुळे गेलेलं असतं. लातूरला तो मेडिकलच्या दारातून अर्ध्या टक्क्याने परत फिरलेला असतो आणि आता औषधाच्या दुकानात बसून डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांतल्या चुका काढतो. पण या सगळ्यांत मुंबईचा क्रिकेटवाला मला जास्त जवळचा, कारण तो रोज भेटतो आणि त्याला टाळता येत नाही.

लहानपणी काय व्हायचं याची यादी आपल्या सगळ्यांचीच असते. आधी कंडक्टर, तेही केवळ त्या तिकिटांच्या पेटीपायी आणि पंचच्या टकटकीपायी. मग इंजिन ड्रायव्हर. मधले काही दिवस गारेगारवाला, कारण त्याला स्वतःला गारेगार फुकट मिळत असणार असा आपला हिशोब. मग दहावीचा निकाल लागतो, एखादे काका ‘कॉमर्सला घाल, बँकेत तरी चिकटेल’ असा सल्ला देऊन चहा पिऊन निघून जातात आणि आपण खरंच चिकटतो. यादी कुठे गेली ते आठवतसुद्धा नाही. तात्यांच्या यादीत मुळात एकच नाव होतं आणि ते त्यांनी अजून खोडलेलं नाही, एवढाच काय तो फरक.

तात्या खेळले हे खरं आहे. कांगा लीगमध्ये खेळले. ही स्पर्धा 1948 साली सुरू झाली आणि ती भर पावसाळ्यात खेळतात. म्हणजे शहाणी माणसं भजी तळत असतात तेव्हा ही मंडळी ओल्या, उघड्या विकेटवर उभी राहून नाकासमोरून जाणारे चेंडू मोजत असतात. आउटफिल्डला गवत एवढं माजलेलं, की चेंडू सीमेपार जाण्याआधी हरवतो. तात्यांच्या आयुष्यातल्या सर्वोत्तम खेळीच्या 47 धावांपैकी किती पळून काढल्या आणि किती चेंडू शोधेपर्यंत मिळाल्या, हा प्रश्न मी एकदा विचारला होता. त्यानंतर आठवडाभर त्यांनी माझ्यासाठी जागा धरली नाही.

लीगच्या वरच्या डिव्हिजनमध्ये सुनील गावसकरांसारखे कसोटीपटू खेळून गेले आणि तात्या अगदी तळाच्या डिव्हिजनमध्ये. पण ‘मी आणि सुनील एकाच लीगमध्ये’ हे वाक्य व्याकरणाने आणि वस्तुस्थितीने दोन्हीकडून बिनचूक आहे.

आता थोडक्यात म्हणजे नेमकं किती? याचा छडा लावायला मला बरीच वर्षं लागली, कारण हुकण्याचं कारण ऐकणाऱ्यागणिक बदलतं. जावयाला सांगताना गुडघा असतो. साहेबांना सांगताना निवड समितीतलं राजकारण असतं. मेहुण्याला सांगताना घरची जबाबदारी, आणि ती कोणामुळे वाढली हे मेहुण्याने ओळखायचं. शेवटी एका लग्नाच्या पंगतीत त्यांचा जुना कॅप्टन माझ्या शेजारी बसला आणि मठ्ठ्याच्या दुसऱ्या वाटीला खरं बाहेर आलं. संभाव्य खेळाडूंच्या कुठल्याशा यादीत तात्यांचं आडनाव खरोखरच छापून आलं होतं. आद्याक्षरं तेवढी दुसऱ्याची होती. तात्यांच्या आईने तोवर चाळीत पेढे वाटले होते आणि वाटलेले पेढे परत मागायची पद्धत नाही.

क्रिकेटच्या इतिहासात तात्यांनी स्वतःपुरती एक वेगळी वाट काढली आहे. 1988 च्या फेब्रुवारीत हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन आणि कांबळीने आझाद मैदानावर 664 धावांची भागी केली. एकाच्या नाबाद 326, दुसऱ्याच्या नाबाद 349. ती भागी आपण डोळ्यांनी पाहिली म्हणणारे सगळे खरोखर तिथे असते, तर क्षेत्ररक्षकांना उभं राहायला जागा उरली नसती. तात्याही गेलो होतो म्हणतात, बँकेत किरकोळ रजा टाकून. पण त्यांचं पुढचं वाक्य मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेलं नाही. “सगळे त्या दोघांकडे बघत होते. मी पॅड बांधून बसलेल्या पोराकडे बघत होतो.” तो पोरगा अमोल मुझुमदार. पुढचा फलंदाज म्हणून ताटकळत बसला आणि त्याचा नंबर काही लागलाच नाही. पुढे त्याने प्रथम श्रेणीच्या पहिल्याच सामन्यात 260 केल्या, सगळ्या मिळून 11 हजारांवर धावा केल्या, पण भारताची टोपी मिळाली नाही. तात्यांच्या देव्हाऱ्यात या अमोलचं स्थान सचिनच्या वर.

आणि अमोलच्याही वर डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर. 589 बळी, आणि कसोटी एकही नाही, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी नावाचा डावखुरा माणूस देशात हजर होता. तात्यांचे एकूण बळी अकरा, त्यातले दोन रनआउट त्यांनी स्वतःच्या खात्यात धरलेले. तरी शिवलकरांचा विषय निघाला की ते ‘आमचं’ म्हणतात. “आमचं नशीबच तसं. प्रत्येकाला एकेक बेदी असतो हो.” तुमचा बेदी कोण, असं विचारलं की गाडी मुंब्रा ओलांडेपर्यंत ते गप्प बसतात.

गावसकरांबद्दल तर त्यांचा एक सिद्धांतच आहे. जन्मल्यावर गावसकरांची इस्पितळात अदलाबदल झाली होती. कानाजवळचं बारीक छिद्र बघून ठेवलेल्या नारायणकाका मसुरेकरांच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, की हे पोर आपलं नव्हे. शोधाशोध झाली तेव्हा खरं बाळ एका कोळणीच्या शेजारी झोपलेलं सापडलं. हे खुद्द गावसकरांनी ‘सनी डेज’ या आत्मचरित्रात लिहिलंय. तात्या ही गोष्ट सांगतात, क्षणभर थांबतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, “मीही इस्पितळातच जन्मलो. पण आमच्याकडे कोणी काका बघायला आला नव्हता.” यावर काय बोलायचं?

अजित वाडेकरांचं उदाहरण ते उलट्या बाजूने देतात. वडिलांना मुलाला इंजिनिअर करायचं होतं, मुलगा भारताचा कॅप्टन झाला आणि 1971 मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड दोन्हीकडे जिंकून आला. नोकरी स्टेट बँकेत. “बँक आणि क्रिकेट,” तात्या म्हणतात, “त्यातलं निम्मं मला जमलं की नाही?”

जमलं, आणि फार चांगलं जमलं, ही खरी गंमत आहे. एके काळी मुंबईतल्या बँका आणि कंपन्या टाइम्स शील्ड स्पर्धेसाठी चांगले खेळाडू नोकरीला ठेवायच्या. सही करून खेळाडू नेट्सला पळायचे, त्यांची टेबलं बाकीचे सांभाळायचे. तात्या त्या बाकीच्यांतले. ते लेखी परीक्षा देऊन, गणितात भरघोस गुण मिळवून एका सहकारी बँकेत लागले. ही गोष्ट ते एखादं कुळाला लागलेलं लांच्छन लपवावं तशी लपवतात. नव्या पोरांना वाटतं, तात्या स्पोर्ट्स कोट्यातले. तात्या त्यांचा गैरसमज दूर करत नाहीत. उलट कर्जाचं एखादं संशयास्पद प्रकरण समोर आलं की चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, “ऑफ स्टंपच्या बाहेरची आहे. बॅट लावायची नाही. सोडून द्यायची.” अशा सोडून दिलेल्या फायलींमुळे त्यांची बँक दोनदा वाचली, असं त्यांचे मॅनेजर सांगतात. तात्या सांगत नाहीत.

मी एकदा त्यांच्या शाखेत पैसे भरायला गेलो होतो. कॅशला तात्या. समोर एका दुकानदाराने शंभराच्या नोटांचं मळकं बंडल टाकलं. तात्यांनी ओल्या स्पंजला बोट लावलं, बंडल डाव्या पंजात जरा वाकवून धरलं आणि उजवं मनगट सुटलं. नजर दुकानदाराकडे, तोंडाने त्याच्या मुलाच्या बारावीची चौकशी, आणि खाली नोटा फर्रर्र सरकतायत. एकाएकी हात थांबला. दोन बोटांनी मधली एक नोट त्यांनी न बघता उपसून बाजूला ठेवली. दुकानदाराचा चेहरा पडला. नोट खोटी होती. बोटाला कागद वेगळा लागला, एवढंच. आयुष्यभर ज्या मनगटाबद्दल मी फक्त ऐकत आलो होतो ते मला त्या दिवशी दिसलं. मी काचेच्या भोकातून ‘वा!’ म्हणालो. तात्यांनी तोंड वाकडं केलं. “यात काय आहे? हे कोणीही करतं. तुम्ही माझा लेट कट बघायला हवा होता.”

घरी काकूंसमोर मात्र लेट कट निघत नाही. काकूंचं लहानपणचं स्वप्न पुरं झालंय, आणि ही त्या घरातली खरी अडचण आहे. काकू लहानपणी दाराच्या मागच्या बाजूला खडूने पाढे लिहायच्या आणि पट्टी घेऊन खांबाला शिक्षा करायच्या. मोठेपणी शिक्षिका व्हायचं म्हणायच्या आणि झाल्या. मग जनगणना आली, मतदार याद्या आल्या, निवडणुकीच्या पेट्या सांभाळणं आलं, खिचडीच्या तांदळाचा हिशोब आला, आणि यातून वेळ उरला तर शिकवणं. खांबाला शिक्षा करायची सोयही सरकारने ठेवली नाही. कोणी त्यांना हौसेने विचारलं, की बाई, लहानपणी काय व्हायचं होतं तुम्हाला? तर काकू कणीक मळता मळता म्हणतात, “हेच.” संपलं. पुढे गोष्टच नाही. तात्यांकडे बघा, चाळीस वर्षं पुरून उरली. त्यांना रणजी मिळाली असती तर? फार तर दोन मोसम खेळले असते, एखाद्या सामन्यात भोपळा फोडला नसता, तो जन्मभर टोचला असता आणि लोकांनी तोंडावर आकडे काढून दाखवले असते. न झालेल्या सामन्याचं स्कोअरकार्ड कोण काढणार? तिथे तात्या अजून नाबाद आहेत.

2025 च्या 2 नोव्हेंबरला मात्र त्यांची पंचाईत झाली. नेरूळच्या मैदानावर भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला आणि प्रशिक्षक कोण, तर अमोल मुझुमदार. तात्या टीव्हीसमोर ढसाढसा रडले, इमारतीत खाली जाऊन फटाके लावले, सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडले. दुसऱ्या दिवशी गाडीत जरा मलूल वाटले. मी विचारलं, आता काय झालं? म्हणाले, “आनंदच आहे हो. पण आमच्यातला एक माणूस कमी झाला.”

ती उणीव भरून काढायची संधी लवकरच आली. चौदा वर्षांची नात त्या रात्रीपासून ‘मी क्रिकेटर होणार’ म्हणून हटून बसली. याआधी ती यूट्यूबर होणार होती, त्याच्या आधी दातांची डॉक्टर, आणि तिच्या आईला खात्री आहे की हेही दिवाळीपर्यंत ओसरेल. तात्यांनी त्याच आठवड्यात किट आणलं. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये किटबॅग घेऊन चढणं म्हणजे सगळ्या डब्याचे शिव्याशाप घेणं, पण ती बॅग तात्यांच्या खांद्यावरच असते, नातीला हात लावू देत नाहीत. नेटच्या जाळीबाहेरून ते ‘कोपर, कोपर!’ ओरडतात. कोचने त्यांना आधी काका म्हणून सांगितलं, मग सर म्हणून सांगितलं, आणि आता पालकांनी गेटबाहेर थांबावं अशी पाटी लावली आहे.

परवा मुलींची निवड चाचणी झाली. येताना मला दादरला दोघं भेटली. नात कानात इअरफोन घालून वडापाव खात होती, छान मजेत. तात्यांचा चेहरा गंभीर, पण आतून एक वेगळीच कळा आलेली. किटबॅग पायाशी ठेवून त्यांनी समोरच्या बाकावरच्या तिघांकडे पाहिलं, खाकरले, आणि कोणी विचारायची वाट न बघता म्हणाले, “नात माझी. मुंबईच्या टीममध्ये निवड थोडक्यात हुकली.”

तिघांनी च् च् केलं. नातीने एका कानातला इअरफोन काढला.

“थोडक्यात नाही हो आजोबा. दोन्ही वेळेला पहिल्याच बॉलला गेले मी.”

तात्यांनी तिला डोळ्यांनी दटावलं, समोरच्यांकडे वळले आणि म्हणाले, “त्यातला पहिला बॉल बॅटला लागलाच नव्हता. आता तो अंपायर कुठला होता, ते सांगतो.”