सर, ती घार आहे

आकाशात घार दिसली तर साधा माणूस "घार" म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. घार दिसताच जो एक हात वर करतो, दुसऱ्या हातानं दुर्बीण सावरतो आणि मागच्या बारा जणांना "कोणीही हलू नका" असं कुजबुजत्या आवाजात ओरडून सांगतो, तो गरुडसर.

हा इसम मूळचा आमच्या चिखल्याचा नव्हे. दिवाळीचे कंदील उतरले आणि पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटू लागली की तो इकडे प्रकट होतो. विरार-डहाणू लोकल 2013 साली सुरू झाली आणि तेव्हापासून त्याची आमच्याकडची वस्ती वाढली, असा माझा कयास आहे. डहाणू रोडला उतरायचं, रिक्षा करायची, नरपड मागे टाकून चिखले गाठायचं आणि सुरूच्या झाडांखाली उभं राहून दीर्घ श्वास घ्यायचा. रिक्षावाला सुट्ट्या पैशांसाठी ताटकळत असतो, पण हा श्वास पूर्ण झाल्याशिवाय पाकीट बाहेर येत नाही.

गरुडसर बोरिवलीत बँकेतला निवृत्त अधिकारी असतो, डोंबिवलीत आयटीवाला, ठाण्यात दाताचा डॉक्टर. एरवी सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्याला कोणी बोलू देत नाही. गळ्यात आठ-बेचाळीसची दुर्बीण पडली की मात्र साठीच्या बायकासुद्धा त्याला "सर, इथे बसू का?" असं विचारतात. अंगावर लष्करी छापाचे कपडे असतात, तेही राजस्थानच्या वाळवंटात लपायला योग्य अशा रंगाचे. चिकूच्या गर्द हिरव्या वाडीत तो कपड्यांसकट दोन फर्लांगांवरून ओळखू येतो. वाडीतल्या बायका चिकू वेचता वेचता एकमेकींना कोपरानं ढोसतात आणि पक्षी पाहिल्यासारख्या त्याच्याकडे पाहतात.

त्याच्या सहलीचं पत्रक ठरलेलं. दोन दिवस, एक रात्र. डोंगरवाटा आणि शिकारी पक्षी. चहा, नाश्ता, दोन जेवणं, वाडीतली राहण्याची सोय, ईको गाडी आणि शेवटी प्रमाणपत्र. प्रमाणपत्र कशाचं ते मला अजून कळलेलं नाही. बहुधा उठल्याचं.

सहलीचा पहिला कार्यक्रम संध्याकाळी चिखल्याच्या किनाऱ्यावर होतो. ओहोटी लागलेली, वाळू लांबवर उघडी पडलेली, आणि वर आमच्या नेहमीच्या ब्राह्मणी घारी घिरट्या घालत असलेल्या. पांढरं डोकं, पांढरी छाती, बाकी अंग विटकरी, शेपटीचं टोक गोलसर. इथल्या शेंबड्या पोरालाही ती ओळखता येते. पण एखादी घार उलट्या उजेडात, सूर्यासमोरून गेली की नुसती काळी आकृती दिसते, आणि काळी आकृती दिसली की गरुडसरांचा स्वतःवरचा ताबा जातो.

"समुद्री गरुड! पांढऱ्या पोटाचा! बघा, बघा, पंख कसे वर उचललेत!"

समुद्री गरुड तरंगताना पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरतो, त्याची शेपटी आखूड आणि पाचरीसारखी असते, हे सगळं खरं. अडचण एवढीच की पक्ष्यांच्या पुस्तकांतले नकाशे त्याला पश्चिम किनाऱ्यावर साधारण मुंबईपासून दक्षिणेला दाखवतात. रत्नागिरी, सिंधुदुर्गात त्याची घरटी आहेत. मुंबईच्या पार उत्तरेला, डहाणूच्याही पुढे तो यायचाच नाही असं नाही. पक्ष्यांना नकाशे वाचता येत नाहीत. पण तो दर शनिवारी, साडेपाच वाजता, सहलीतल्या मंडळींचा चहा संपल्यावरच येतो, हे जरा जास्त होतं.

एकदा एका सातवी-आठवीतल्या मुलीनं विचारलं, "सर, ती घार आहे ना?" गरुडसर प्रेमळपणे हसले. "बेटा, सुरुवातीला सगळ्यांना घारच वाटते." मुलीनं पुन्हा वर पाहिलं. घार आता वळली होती, ऊन अंगावर आलं होतं आणि तिचा विटकरी रंग लख्ख दिसत होता. सर तोवर पाठ फिरवून वहीत नोंद करत होते.

रात्रीच्या जेवणानंतर वाडीत अंगणात व्याख्यान असतं, आणि इथे मला माणसाला न्याय दिला पाहिजे, कारण व्याख्यान उत्तम होतं. गरुडसर वाचतात भरपूर. जॉर्जिया देशात काळ्या समुद्राच्या काठी बातुमी नावाचं शहर आहे. एकीकडे समुद्र, दुसरीकडे कॉकेशसचे डोंगर, मधे चिंचोळी पट्टी; आणि दर शरद ऋतूत दहा लाखांहून जास्त शिकारी पक्षी त्या पट्टीवरून दक्षिणेला जातात. का? तर रुंद पंखांचे मोठे पक्षी पंख मारत नाहीत, तरंगतात. उन्हानं जमीन तापते, तापलेली हवा वर चढते, त्या चढत्या हवेत गोल गोल फिरत ते उंची कमावतात आणि मग घसरत पुढे जातात. समुद्रावर अशी हवा नीट उठत नाही, म्हणून ते पाणी टाळतात आणि किनाऱ्याच्या पट्टीत गोळा होतात. "आता सांगा," गरुडसर हात फैलावून विचारतात, "आपल्या पश्चिमेला काय? अरबी समुद्र. पूर्वेला काय? बारडा डोंगर. म्हणजे चिखले काय झालं?"

"बातुमी," मंडळी म्हणतात.

मधल्या पट्टीत रेल्वे आहे, चिकू आहेत, पण एवढ्या तेवढ्यानं सिद्धांत अडत नाही. एक प्रश्न कोणीतरी विचारतंच: म्हणजे ऊन चढल्याशिवाय हे पक्षी वर येत नाहीत का? "अगदी बरोबर," सर म्हणतात. "साधारण नऊ-साडेनऊपर्यंत झाडावर बसून राहतात. आळशी!" मंडळी हसतात. मग सर घड्याळ पाहतात आणि त्याच श्वासात जाहीर करतात, "तर मित्रहो, उद्या पहाटे चार वाजता उठायचं आहे."

या दोन वाक्यांमध्ये काही गोंधळ आहे असं गरुडसरांना कधीच वाटलेलं नाही. निसर्ग पहाटे असतो, यावर त्यांची श्रद्धा आहे, आणि श्रद्धेला व्याख्यान लागू पडत नाही.

पहाटे साडेचारला ईको गाड्या बारड्याकडे निघतात. आसवलीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची शेतं आणि गवताची माळरानं लागतात. सकाळी लवकर शिकारी पक्षी पाहायचेच असतील तर ते इथे पाहावेत. कापशी तारेवर बसते, हवेत एका जागी पंख फडफडवत उभी राहते आणि खालच्या उंदरावर पाय सोडून उतरते. मध्य आशियाकडून आलेले भोवत्ये गवताच्या शेंड्यांवरून इतके खालून जातात की गवत हललं ते वाऱ्यानं की त्यांनी, असा प्रश्न पडावा. त्यांना गरम हवेची फारशी वाट पाहावी लागत नाही. गरुडसरांच्या गाड्या हा सगळा पट्टा काळोखात, काचा लावून, जुनी हिंदी गाणी लावून पार करतात.

बारड्याची चढण तशी खडी. वाट दाखवायला पाड्यावरचे एक वारली काका असतात. साठीच्या पलीकडचे, पायात रबरी चपला, खांद्यावर कोयता, तोंडात एक शब्द नाही. ज्या डोंगरावर ते लहानपणापासून लाकूडफाट्याला आणि गवताला चढले, त्यावर चढायला माणसं पैसे देतात हे त्यांनी आता स्वीकारलंय; काठ्या दोन-दोन का लागतात, हे अजून नाही. ते पुढे चालतात आणि अधूनमधून थांबतात. बुलबुल एकदम ओरडायला लागले, कोतवाल कोणाच्या तरी पाठीमागे लागला, की काका मान न वळवता एका बोटानं दिशा दाखवतात. त्या दिशेला एखादा शिक्रा पानांआड बसलेला असतो. गरुडसर त्या वेळी बहुतेक पाठमोरे असतात, कारण ते मंडळींना झाडावर बसलेला शिक्रा कसा शोधावा हे सांगत असतात.

साडेसातला सगळे बारड्यावरच्या बहरोटच्या गुहांपाशी. आणि इथे, मी पाहिलंय, गरुडसर एकदम वेगळा माणूस होतो. पारशी परंपरा सांगते की संजाणवर हल्ला झाल्यावर इराणशहा नावाचा पवित्र अग्नी इथे आणला आणि बारा वर्षं या गुहांत जपला. मग तो वांसद्याला गेला, पुढे फिरत फिरत 1742 साली उदवाड्याला स्थिरावला. हे सांगता सांगता सर गिधाडांवर येतात. दुखणाऱ्या गुरांना डायक्लोफेनॅक द्यायचे, गुरं मेली की ते औषध मांसात राहायचं, ते मांस खाल्लेल्या गिधाडाचं मूत्रपिंड निकामी व्हायचं. 1992 ते 2007 या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्व्याण्णवहून जास्त संपली. गुरांसाठी या औषधावर बंदी आली 2006 साली, तोवर मुंबईच्या डुंगरवाडीवर, म्हणजे पारशी आपली प्रेतं जिथे गिधाडांसाठी ठेवतात तिथे, गिधाडं उरली नव्हती आणि पारशी पंचायतीला सूर्याची उष्णता एकवटणारे आरसे बसवावे लागले. "ज्यांनी इथे आग जपली," सर म्हणतात, "त्यांचं शेवटचं काम करणारे पक्षी आपण जपू शकलो नाही." आवाज खरोखर दाटतो. त्या क्षणी बटाटा वेफर्सचं रिकामं पाकीट खाली टाकणाऱ्याकडे ते ज्या नजरेनं बघतात, ती नजर खऱ्या गरुडाची असते. गृहस्थ पाकीट उचलतो, शिवाय आधी कोणीतरी टाकलेली दोन पाकिटंही उचलतो.

पण मग आठ वाजतात. आकाश निळं, स्वच्छ आणि रिकामं. मंडळी कातळावर दुर्बिणी रोखून बसतात. एक भारद्वाज हुंकारतो. कोणीतरी विमान दाखवतं. गरुडसर हिमालयातल्या चोपत्याच्या आठवणी काढतात: तिथे दाढीवालं गिधाड त्यांच्या डोक्यावरून गेलं होतं, आणि ते हाडं उंचावरून खडकावर टाकून फोडतं, मग खातं. मंडळी रिकाम्या आकाशाकडे पाहत हिमालयातल्या हाडांचं वर्णन ऐकतात. पावणेनऊला सर उभे राहतात. "चला, ऊन वाढतंय. खाली पोहे तयार आहेत."

काका पहिल्यांदाच बोलतात. "सर, जरा थांबा. आता येतील."

"काका, नाश्ता साडेनऊचा सांगितलाय."

पोह्यांची वेळ गरुडसरांनी ठरवलेली, होमस्टेवाल्या वहिनींनी लिहून घेतलेली, आणि वहिनी दहानंतर चिकू मोजायला जातात. एकूण सहलीत हीच एक गोष्ट वेळेवर होते. म्हणून बारा माणसं उतरू लागतात. सगळ्यांच्या नजरा पायांखालच्या घसरड्या मुरमावर, कारण उतरताना वर पाहणारा थेट आसवलीच्या धरणापर्यंत घसरत जाईल. आणि साधारण सव्वानऊला, बरोबर त्यांच्या डोक्यावर, तुरेवाला सर्पगरुड शीळ घालत वर चढतो. पंखांच्या खालून गेलेला तो रुंद पांढरा पट्टा. त्याच्या मागोमाग मधमाश्यांची पोळी फोडणारा मधुबाज, लांब मान काढून. मग घारी, एकीवर एक.

या साध्या घारींबद्दल थोडं. हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या घारींत काही बाहेरगावच्या असतात, अंगानं थोराड, पंखांखाली फिकट डाग असलेल्या. दिल्लीत अशा घारींच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवून पाहिलं, तेव्हा त्या हिमालय ओलांडून मध्य आशियात जाऊन आल्या. म्हणजे गरुडसर ज्या पक्ष्याला "काही नाही, घार आहे" म्हणून बारड्यावर नाकारतात, त्यानं कदाचित चोपत्यापेक्षा उंच डोंगर पाहिलेला असतो. किनाऱ्यावर गरुड म्हणून गौरव होतो तो दुसऱ्याच, ब्राह्मणी घारीचा, एवढंच.

शीळ ऐकू आली की सर उतरता उतरता थांबतात. "सर्पगरुड!" मंडळी थबकतात. पण झाडीतून आकाशाचा रुमालाएवढा तुकडा दिसतो, आणि त्यात काही नसतं. मागे राहिलेले काका एकटेच वर उघड्या कातळावर उभे असतात, विडी ओढत.

दुपारी जेवण झालं की यादीचा सोहळा. गरुडसर वहीतली नावं एकेक करून वाचतात आणि मंडळी हात वर करतात. शिक्रा: पाच जणांनी पाहिला, तीन जणांनी काकांचं बोट पाहिलं. कापशी: ईकोच्या चालकाला दिसली होती, धरावी का? धरू. सर्पगरुड: आवाजावरून. समुद्री गरुड: एक. त्या मुलीनं हात वर केला नाही. तिनं आपल्या वहीत "ब्राह्मणी घार: 4" असं लिहिलं होतं आणि बाजूला शेपटीचं चित्र काढलं होतं, गोल टोकाची.

मग यादी ई-बर्डवर चढते. तिथे प्रत्येक प्रदेशातल्या नोंदी तपासणारे स्वयंसेवक असतात. दुर्मीळ पक्ष्याची नोंद आली की ते नम्रपणे विचारतात: फोटो आहे का, वर्णन द्याल का? गरुडसर या पत्राची वाटच पाहत असतात. त्यांच्या मते तपासणारे मुंबईत बसून राज्य करतात. ते फोटो पाठवतात. फोटोत सूर्य आहे, सुरूची एक फांदी आहे, आणि एक काळा ठिपका आहे. उत्तर येतं: ठिपका घारीचा वाटतो. सर दोन दिवस जेवत नाहीत.

तिसऱ्या दिवशी मात्र ते सावरतात. सहलीच्या ग्रुपवर भलामोठा संदेश येतो. निसर्गात हमी नसते, संयम हीच खरी दुर्बीण, वगैरे. त्याखाली पुढच्या महिन्याचं पत्रक: "चिखले, भारताचं बातुमी." मागच्या वेळी बारड्यावर शिकारी पक्षी अपेक्षेपेक्षा कमी दिसले, याचं कारण सरांनी नीट विचार करून शोधून काढलेलं असतं. आपण निघायला उशीर केला. या वेळी साडेतीनला उठायचं आहे. पोहे सव्वाआठला.