ताटाचाही डोस लिहा

शुगरच्या पेशंटसाठी रुग्णालयात वेगळं ताट येतं. त्यावर ‘डीएम डाएट’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असते. आत दोन पोळ्या, वाटीभर भात, पातळ वरण, दुधीची भाजी आणि काकडीच्या चार चकत्या. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला नेमकं हेच मिळालेलं असतं, वर एक वाटी शिरा. शिरा वगळला की मधुमेहाचं ताट तयार झालं, असं मानणाऱ्या स्वयंपाकघरांशी आणि ते चालवून घेणाऱ्या डॉक्टरांशी माझं भांडण आहे.

सकाळपासून मोजू. नाश्त्याला बशीभर पोहे, म्हणजे ४०-४५ ग्रॅम कर्बोदकं. बिनसाखरेच्या चहाबरोबर दोन मारी बिस्किटं येतात. ती पथ्याची म्हणून दिली जातात आणि त्यांच्या वजनाचा पाऊण हिस्सा कर्बोदकांचाच असतो. आणखी ८-१० ग्रॅम धरा. दुपारी एका पोळीचे साधारण २०, अशा दोन. भाताचे ३०-३५, वरणाचे १०-१२. चार वाजता पुन्हा चहा-बिस्किट. रात्री मुगाची खिचडी, कारण ती पचायला हलकी, आणि सोबत एखादी पोळी. दिवसाची बेरीज २०० ते २२५ ग्रॅमपर्यंत जाते. लो कार्ब म्हणताना साधारण १३० ग्रॅमच्या आतला दिवस धरतात. खाटेवर पडून असलेला, उठला तर बाथरूमपर्यंत जाणारा माणूस एवढा पोळी-भात जिरवणार कसा?

इंग्लंडात साउथपोर्टच्या डॉ. डेव्हिड अनविन यांनी पेशंटना समजावं म्हणून अन्नाचा रक्तातल्या साखरेवर होणारा परिणाम चहाच्या चमच्यांत मांडून दाखवला. त्यांच्या तक्त्यात १५० ग्रॅम शिजलेला भात सुमारे १० चमचे साखरेच्या बरोबरीला बसतो. चहातला एक चमचा काढून घ्यायला अख्खं खानदान जागरूक असतं. भाताच्या वाटीला कोणी हात लावत नाही.

मग साखर चढते. जेवणाआधी सिस्टर बोटाला सुई टोचतात, आकडा येतो २६०. तक्त्यात २६०च्या समोर इन्सुलिनची जितकी युनिटं लिहिलेली असतात तितकी दिली जातात. याला ‘स्लायडिंग स्केल’ म्हणतात. साखर वाढून गेल्यावर तिच्यामागे धावणारी ही पद्धत एकटीच वापरू नका, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशन वर्षानुवर्षं सांगते आहे. आपल्याकडच्या कित्येक वॉर्डांत तीच चालते. सुई टोचली तेव्हा पेशंटनं नुकतंच चहा-बिस्किट खाल्लं होतं का, इन्सुलिन दिल्यावर ताट किती वेळानं आलं, त्यातला भात पेशंटनं खाल्ला की तसाच परत पाठवला, याची नोंद केस पेपरवर नसते. गोळीचे मिलिग्रॅम असतात, इन्सुलिनची युनिटं असतात, सलाईनचे मिलिलिटर असतात. रक्तातली साखर ज्यानं सगळ्यात आधी हलते, त्या जेवणाचे ग्रॅम मात्र नसतात. सलाईनचं निघालंच आहे तर हेही सांगतो: ‘डी-५’ लिहिलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं. उपाशी ठेवलेल्या पेशंटला ते लागतंही. पण तेही मोजायला हवं.

साखरेचं सगळं खापर ताटावर फोडता येणार नाही, हे मला मान्य आहे. न्यूमोनिया, ऑपरेशन, हृदयविकाराचा झटका, पायाची चिघळलेली जखम यांतलं काहीही शरीरावर ताण आणतं आणि साखर वाढवतं. स्टेरॉइड चालू असेल तर दुपारनंतरचे आकडे बघवत नाहीत. पण वाढ किती आजारामुळे आणि किती पोह्यांमुळे हे ठरवायचं तर पोहे मोजलेले पाहिजेत.

या बेफिकिरीची किंमत बहुतेकदा घरी गेल्यावर चुकवावी लागते. समजा, एका काकांनी घरी भात सोडला आहे, दुपारी एक भाकरी, दोन अंडी, उसळ, ताक, रात्री भाजी आणि पनीर यावर त्यांची साखर मेटफॉर्मिनच्या गोळीसह १४०च्या आत राहते. ते छातीतल्या कफानं ॲडमिट होतात. रुग्णालयात पोहे, पोळ्या, खिचडी सुरू होते. आजार आहेच. साखर २८०वर जाते, इन्सुलिन सुरू होतं, वाढत जातं आणि डिस्चार्ज कार्डावर तोच वाढलेला डोस उतरतो. काका घरी येतात. कफ गेलेला, ताण ओसरलेला, ताट पुन्हा जुनं. इन्सुलिन मात्र रुग्णालयातल्या ताटाच्या मापाचं. पहाटे तीनला घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. साखर ७०च्या खाली गेलेली असते. घरच्यांना वाटतं, अशक्तपणा आहे, झोपू द्या. अशा झोपेतून माणूस उठत नाही असंही घडू शकतं. हा धोका आजार नीट बरा करून पाठवलेल्या माणसाला आहे, म्हणून मला त्याचा जास्त संताप येतो.

इन्सुलिन येण्याआधी रुग्णालयांना ताटाची किंमत कळत होती. ब्रिटिश तोफखान्याचे सर्जन जॉन रोलो यांनी १७९७ साली मधुमेहाच्या रुग्णाला धान्य-फळं जवळपास तोडून मांसाहारावर ठेवल्याची हकिकत छापली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेडरिक ॲलन रुग्णांना उपाशी ठेवून जगवण्याची धडपड करत होते. त्यात माणसं हाडांचे सापळे झाली. १९२२ साली टोरांटोत पहिलं इन्सुलिन टोचलं गेलं आणि त्या उपासमारीतून सुटका झाली. ती सुटका थोर आहे. पण इन्सुलिन आलं म्हणून ताट मोजायचं सोडून द्यावं, असं त्या शोधानं कोणाला सांगितलेलं नाही.

आजच्या शास्त्रानंही सांगितलेलं नाही. मधुमेहींच्या आहाराबद्दल अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचा २०१९चा सहमती अहवाल स्पष्ट आहे: रक्तातली साखर सुधारण्यासाठी एकूण कर्बोदकं कमी करण्याला सर्वांत जास्त पुरावा आहे. सगळ्यांना एकच छापील तक्ता देण्याचं समर्थन तर या संस्थेनं १९९४ पासूनच सोडलं. आपल्या देशातला आयसीएमआर-इंडियाबचा अभ्यास आणखी जवळचा. भारतात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचं त्यानं २०२३ साली दाखवलं. गोव्यात प्रौढांमधलं प्रमाण २६.४ टक्के निघालं, सगळ्या राज्यांत जास्त. याच अभ्यासाच्या २०२५च्या निष्कर्षांनुसार भारतीयांच्या उष्मांकांपैकी ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. त्यातला थोडा हिस्सा डाळी-दुधातल्या प्रथिनांना दिला तर मधुमेहाची शक्यता कमी दिसली. पांढऱ्या भाताऐवजी नुसती गव्हाची पोळी किंवा भरडधान्याची भाकरी घेतली आणि एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर फरक दिसला नाही. नाचणीची खीर आणि ज्वारीची भाकरी ठेवून ‘मधुमेहस्नेही मेन्यू’ छापणाऱ्यांनी हे वाक्य स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावं.

आता दुसऱ्या बाजूला वळतो. महाराष्ट्रात आहार डॉ. दीक्षितांच्या पद्धतीनं घ्यायचा की दिवेकरांच्या, हा वाद घरोघरी रंगला, तेव्हापासून स्वतःचं पथ्य स्वतः ठरवणारे खूप झाले. त्यातले काही जण ॲडमिट झाल्यावर डॉक्टरांना न सांगता भात-पोळी बाजूला सारतात. घरी चालतं ते खाटेवर चालेलच असं नाही. ग्लिमेपिराइडची गोळी किंवा जेवणाआधीचं इन्सुलिन घेऊन नुसती भाजी खाल्लीत तर साखर धाडकन कोसळेल. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचं प्रकरण अधिक फसवं. आजारपण, उपास आणि फार कमी कर्बोदकं एकत्र आली की या गोळ्यांवर असलेल्या माणसाच्या रक्तात कीटोन साचून आम्लता वाढू शकते, आणि ग्लुकोमीटर मात्र १६०-१८० असा शहाणा आकडा दाखवत राहतो. मळमळ, उलट्या, धाप हीच खूण. म्हणून ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी या गोळ्या किमान तीन दिवस बंद ठेवायला सांगतात. तुम्ही लो कार्ब खाता हे ॲडमिट होतानाच सांगा, गोळ्यांची नावं सांगा, आणि डोस बदलून घेतल्याशिवाय ताट बदलू नका.

रुग्णालयात १०० आणि ११०च्या आकड्यांचा हट्टही नको. बहुतेक दाखल रुग्णांसाठी १४० ते १८० ही पट्टी पुरेशी मानली जाते. अतिदक्षता विभागातल्या ६ हजारांहून अधिक रुग्णांवरच्या ‘नाइस-शुगर’ या २००९च्या चाचणीत साखर फार खाली दाबलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. कमी कर्बोदकांचा फायदा इथेच आहे: कमी इन्सुलिनमध्ये त्या पट्टीत राहता येतं, आणि जितकं इन्सुलिन कमी तितकी साखर खाली कोसळण्याची भीती कमी.

भेटायला येणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. शहाळं, सफरचंदं, मोसंबीचा ताजा रस आणि ग्लुकोजचे पुडे घेऊन तुम्ही प्रेमानं येता. चार नातेवाईक येऊन गेले की संध्याकाळचा आकडा बिघडतो आणि रात्रीच्या राऊंडला डॉक्टर इन्सुलिन वाढवतात. शेंगदाणे, उकडलेली अंडी, घट्ट दही आणा, तेही सिस्टरना विचारून. किडनीच्या पेशंटला तर काहीही देण्याआधी विचारायलाच हवं.

खाटेवरून बदल मागणं किती अवघड असतं ते पाहा.

“मावशी, भात नको. त्याऐवजी अंडं मिळेल का?”

“काका, खालून येतं ते मी देते. डाएटिशियन मॅडमना सांगा.”

मॅडम सकाळी येऊन गेलेल्या असतात. बाहेरचं अन्न आणायला मनाईची पाटी लिफ्टशेजारी असते. मावशींचा यात काही दोष नाही. बंदी घालायची असेल तर आत पर्याय द्या, एवढं साधं मागणं आहे. आणि पर्याय महागडे नाहीत. घट्ट वरण, मटकीची उसळ, पीठ न लावलेली पालेभाजी, दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, पनीरची भुर्जी, ताक. जिथे चालतं तिथे अंडी, मासा, चिकनचा रस्सा. पोळी एक. हे ताट कोणत्याही मराठी स्वयंपाकघरात होतं, आणि जखम भरायला लागणारी प्रथिनं पातळ वरणापेक्षा त्यात कितीतरी जास्त आहेत. प्रत्येक जेवणात कर्बोदकं ठरलेली असली, तर इन्सुलिनही आधीच ठरवता येतं. ग्रॅमचा आकडा चिठ्ठीवर छापायला ज्या रुग्णालयाला जड जातं, त्यानं ‘डीएम डाएट’ हे दोन शब्द तरी कशाला छापावेत?

आणि घरी निघताना डिस्चार्ज कार्डावर हे लिहून मागा: इथला डोस कोणत्या जेवणावर बसवला होता, घरचं जेवण कमी कर्बोदकांचं असेल तर तो किती उतरवायचा, आणि सकाळची साखर १००च्या खाली यायला लागली तर कोणाला फोन करायचा. साखर ७०च्या खाली गेली तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हेही घरच्यांना दाखवून घ्या. त्या क्षणी लो कार्बचा नियम बाजूला ठेवायचा असतो. पेशंट शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट रुग्णालय गाठा. मेडिक्लेमची मंजुरी येईपर्यंत कार्ड तयार असूनही दुपार उलटून जाते. तेवढ्या वेळात डाएटिशियनना वॉर्डात बोलावून हे सगळं लिहून घेता येतं.