मांडणीवाले काका

या सगळ्याची सुरुवात गप्पीपासून होते. डासांच्या अळ्या खातो म्हणून नगरपालिकेचं आरोग्य खातं हौदांत आणि टाक्यांत सोडतं, तोच हा मासा. एखादे गृहस्थ नातवंडांना गंमत म्हणून चार गप्पी घरी आणतात. गप्पीची मादी अंडी घालण्याच्या भानगडीत न पडता साधारण चार आठवड्यांनी थेट पोहणारी पिल्लंच देते, आणि नराशी एकदा गाठ पडली की पुढची कैक बाळंतपणं त्याच्यावाचून उरकते. पिल्लं झाली की त्यातली काही स्वतःच मटकावते. म्हणून पिल्लांना वेगळी टाकी. पिल्लं मोठी झाली की नर आणि माद्या वेगळ्या करायला तिसरी. मग कुणीतरी वाढदिवसाला फायटर देतो. त्याला सोबत म्हणून दुसरा नर आणला तर दोघं एकमेकांची शेपटी फाडतात, म्हणजे आणखी दोन टाक्या. बघता बघता टीव्हीशेजारी एक, शिलाई मशीनवर एक, फ्रिजवर एक आणि देवघराला खेटून एक अशी घराची व्यवस्था होते. एके दिवशी काकू सांगतात, "एक तर हे मासे एका जागी ठेवा, नाहीतर मला माहेरी पोचवा." गृहस्थ थोडा विचार करून पहिला पर्याय निवडतात.

इथे मासे पाळणारा माणूस संपतो आणि मांडणीवाले काका जन्माला येतात.

प्रत्येक सोसायटीत हे एक तरी असतात. बहुधा बँकेतून किंवा एखाद्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर कागद इकडचे तिकडे हलवल्यामुळे आता काहीतरी न हलणारं करून दाखवायची त्यांना उबळ असते. मासे निमित्ताला.

बाजारात तयार रॅक मिळतात, हे त्यांना सांगू नये. "ते पुस्तकांसाठी. हे पाणी आहे," असं म्हणून ते पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी म्हणजे २ घनफूट. घनफुटाला २८ लिटरच्या वर पाणी, लिटरला एक किलो. झालं नुसतं पाणीच ५६ किलो. वर काच, वाळू, दगड. एका टाकीचे धरा ७५. तीन मजल्यांवर अशा सहा टाक्या, म्हणजे साडेचारशे. "सात जावई मांडणीवर बसवायचेत असं समजा," काका म्हणतात, "आणि त्यांतला एकही उठून घरी जाणार नाही."

मग वेल्डिंगवाल्याच्या शेडमध्ये फेऱ्या सुरू होतात. तो म्हणतो, एक इंची पाईप पुरे. काका म्हणतात, दीड इंची अँगल, पाच एमएम जाड. "काका, यावर मोटारसायकल चढवायची का?" "उद्या चढवली तर?" लोखंड किलोच्या भावाने विकलं जातं, त्यामुळे वेल्डिंगवाल्याचा विरोध फार टिकत नाही. रेड ऑक्साईडचा हात मात्र काका स्वतः मारतात, सांध्यांना दोनदा, कारण पाण्याच्या शेजारी राहणाऱ्या लोखंडावर त्यांचा विश्वास नसतो.

या काळात त्यांना भेटणं टाळावं. सिद्धांत ऐकावे लागतात. पहिला सिद्धांत असा, की आडवा तुकडा उभ्याच्या डोक्यावर बसला पाहिजे, म्हणजे भार सरळ पायात उतरतो. नुसता कडेला बोल्टने लटकवला की सगळं वजन बोल्टावर. "बोल्टाने धरून ठेवायचं. पेलायचं काम पायाचं." एवढं सांगून ते थांबत नाहीत, आपले चेअरमन बोल्टावर लटकलेले आहेत, हेही सांगतात. दुसरा सिद्धांत असा, की मांडणी वजनाने सहसा पडत नाही, डुलण्याने पडते. चौकोन बाजूने ढकलला की कलतो, त्रिकोण कलत नाही. म्हणून मागच्या बाजूला तिरकी पट्टी हवीच. लग्नाला गेले की काका आधी मांडवाचा खांब हलवतात, मग मागच्या बाजूला जाऊन तिरका बांबू शोधतात. तो दिसला नाही तर मांडवाबाहेरूनच अक्षता टाकतात.

नवशिके दोन मजल्यांमध्ये चार बोटं जागा सोडतात आणि मग टाकीत हात कसा घालायचा म्हणून रडतात. काका फूटभर सोडतात. जाळी जायला हवी, जाळीबरोबर मनगट, मनगटाबरोबर घड्याळ. हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर, नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली एक झोका, म्हणजे ओघळलेला थेंब तिथेच गळून पडतो, सॉकेटपर्यंत जात नाही. घरातल्या माणसांसाठी एवढी काळजी त्यांनी कधी घेतली नव्हती, असं काकूंचं म्हणणं आहे. काकांचं म्हणणं, घरातली माणसं गळत नाहीत.

मांडणी घरात येते तेव्हा खरी परीक्षा फरशीची होते. बाल्कनीकडे पाणी वाहून जावं म्हणून फरशीला उतार ठेवलेला असतो, हे बाकीच्यांना कळतही नाही. काकांना पाणसळीचा बुडबुडा सांगतो. मग पायाखाली पत्र्याचे तुकडे सरकवणं. अँगलवर मरीन प्लाय, कारण साधा प्लाय ओल लागली की फुगतो. प्लायवर थर्माकोलचा पत्रा, कारण काचेला खालून सगळीकडे सारखा आधार हवा. एक कोपरा जरी अधांतरी राहिला तरी तळाची काच तडकते. आणि ती नेमकी रात्री अडीचला तडकते, यावर काकांची श्रद्धा आहे. टाकी अर्धी भरायची, बुडबुडा बघायचा, चहा प्यायचा, पुन्हा बुडबुडा बघायचा, मग उरलेली भरायची.

त्यानंतर घरात येणाऱ्याला पाणी विचारण्याआधी "हलवून बघा" असं विचारलं जातं. सिलिंडरवाल्याने हलवलंय, मीटर वाचायला आलेल्याने हलवलंय. धाकटीला बघायला आलेल्या मुलाने भिडेपोटी एका बोटाने हलवलं, तर काकांनी नंतर "मुलाच्या हातात जोर नाही" असं मत दिलं. दुसऱ्या मुलाने दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. वरच्या टाकीत लाट उठली. खोलीत शांतता पसरली. "पाणी हललं," काका म्हणाले. "मांडणी नाही." लग्न ठरलं.

माशांचं म्हणाल तर काकांना त्यांची फारशी ओळख नसते. नातू विचारतो, "आजोबा, हा कोणता मासा?" काका सांगतात, "दुसऱ्या मजल्यावरचा." मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालचं. तिथे नेलं तेव्हा सगळे काचेला नाक लावून मासे बघत होते आणि काका वाकून टाकीच्या खाली बघत होते.

अर्थात सोसायटीत हे गुपित राहत नाही. खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी एक दिवस कागद घेऊन वर येतात. आयएस ८७५ प्रमाणे राहत्या खोलीत दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात, आणि तुमच्या मांडणीखाली अर्धा चौरस मीटरसुद्धा जागा नाही. काका याच दिवसाची वाट बघत असतात. मांडणी खोलीच्या मध्यावर नाही, भिंतीला लागून आहे, भिंतीखाली बीम आहे, आणि आकडा सबंध खोलीचा धरायचा असतो. "गणपतीत तुमच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये आरतीला चाळीस माणसं उभी राहतात, वर टाळ्या वाजवत उड्या मारतात. तेव्हा ऑडिट कुठे असतं?" सेक्रेटरी कागद घडी करतात. जाण्यापूर्वी त्यांनाही मांडणी हलवून दाखवावी लागते.

पुढचा टप्पा अटळ असतो. साडेचारशे किलोंसाठी बांधलेली मांडणी त्याहून कितीतरी जास्त पेलते, हे काकांच्या मनाला खाऊ लागतं. लोखंडाची ताकद वाया जातेय. मग रविवारी कुर्ल्याच्या रंगीत माशांच्या बाजारात फेरी होते. एक टाकी वाढते, टाकी वाढली म्हणून मासे वाढतात, मासे वाढले म्हणून मांडणी अपुरी पडते. काकू आता माहेराचा विषय काढत नाहीत. तिथे वहिनीच्या घरी काकांनी एक मांडणी बसवून दिली आहे.

पुढे इमारत पुनर्विकासाला निघते. बाकीचे सभासद बिल्डरकडे जादा कार्पेट आणि दोन पार्किंगं मागतात. काका विचारतात, नव्या हॉलखालून बीम कुठून जातो? बिल्डरच्या इंजिनिअरला इतक्या वर्षांत हा प्रश्न कुठल्याच सभासदाने विचारलेला नसतो. तो बूट काढून आत येतो, दोनदा चहा घेतो, मांडणी आधी एका हाताने, मग दोन्ही हातांनी हलवतो. शेवटी सेक्रेटरींकडे वळून म्हणतो, "इमारत पाडायच्या आधी ही तेवढी बाहेर काढा. नाहीतर स्लॅब हिच्यावरच टेकून राहील, खाली यायचा नाही."

काकांनी ते लेटरहेडवर लिहून मागितलं आहे.