धुऱ्यावर नजर, गाडीवर रेघ

(रंगमंचावर कारचा एक सुटा दरवाजा. कलाकाराच्या हाती बारीक पट्टीचं रीळ, खांद्यावर ओलं फडकं.)

मंडळी, गाडीवर बारीक रेघ ओढाची म्हटली की वऱ्हाडातला मानूस तडक रेडियमवाल्याकडं जाते. आता नावात रेडियम, पन दुकानात कनभर रेडियम नाई. क्यूरीबाईनं १८९८ साली शोधलं ते वेगळं. हे आपलं चिकट व्हिनाइल. मंग ते घरी कायले लावू नाई? पोळ्याले शिंगं रंगवाले अन् बेगड चिटकवाले कोनी बैल दुकानात नेते काय? बैल त शेपटी मारते, मान हलवते. गाडी बिचारी उभी राह्यते. अन् रीतही तीच: आदल्या दिवशी खांदशेकनी, मंग सिनगार. गाडीची खांदशेकनी म्हंजे साबनाच्या पान्यानं धुनं अन् जुनं पॉलिश पार काढनं. पॉलिशवर लावलेली पट्टी पत्र्याले नाई, मेनाले चिटकते, अन् मेनासंगंच वाहून जाते.

"पन हात थरथरते ना!" भाऊ, सरळ रेघेत हाताचं काम थोडंच हाये, काम नजरेचं. तिफन हाकनारा पायाखाली पाह्यते काय? तो समोरच्या धुऱ्यावर नजर रोवते, म्हनून तास सरळ जाते. जो पायाखाली पाह्यते, त्याचा तास शेजाऱ्याच्या वावरात जाते, अन् तिथून कोर्टात. पट्टीचंही तसंच. एक टोक मागच्या दिव्यापाशी टेकवा, दुसरं पुढच्या चाकाच्या वर हलकं धरा, मधली सगळी अधांतरी ठेवा, अन् बोटाकडं नाई, त्या पुढच्या टोकाकडं पाहा. वाट आधी मास्किंग टेपनं आखा. माप पत्र्याच्या घडीपासून घ्या, जमिनीपासून नाई. उतार अंगनाले, शिक्षा गाडीले कायले?

कोनी म्हनन, हे वावरातलं शहानपन डांबरावर चालत नाई. नाई कसं? जून २०२२ मंदी आपल्याच अमरावती-अकोला रस्त्यावर ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटात पडलं, गिनीज बुकात गेलं. ते तास घड्याळाचे, पन गेले वावरातल्या तासावानी, सरळ! आधी कितीक वर्षं त्याच रस्त्यावर कंबर मोडून घेतली लोकायनं, हे बुकात नाई.

खरा वैरी हात नाई, ऊन. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर, पत्रा तव्यावानी. पट्टी नरम होते, मानूस तिले तानून सरळ करते अन् खुश होते. पन व्हिनाइलले आपली मूळ लांबी याद राह्यते. तानलं की ते हळूहळू आखडते, दोन्ही टोकं उचकटतात, अन् दारावर जत्रेतल्या पयलवानाच्या मिशा उभ्या राह्यतात. म्हनून सकाळी, सावलीत, न तानता लावा. वरून जुन्या लग्नपत्रिकेच्या कडेनं दाबत जा. फडक्यात गुंडाळून, नाई त रंग खरचटन. वऱ्हाडात पत्रिकेचा तुटवडा नाई.

"अन् यानं ॲव्हरेज वाढन काय?" वाढत नाई. बाशिंगानं बैलाची ओढ वाढते काय? तरी बांधतोच ना!

एकच आक्षेप उरला: दोन्ही बाजू सारख्या नाई झाल्या त? (दरवाजा फिरवतो, उलट बाजूची रेघ बोटभर खाली.) भाऊ, दोन्ही बाजू एकदम पाहाले मानूस गाडीच्या वर टांगलेला पाह्यजे. अन् टांगलेल्याले रेघेची फिकीर राह्यत नाई.

(अंधार.)